व्यसनाची रूढ कथा माणसात किती मुरली आहे, हे मोजायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. समाजकार्यातील पीएच.डी.साठी तुम्ही महाराष्ट्रातील व्यसनमुक्ती केंद्रांत दाखल झालेल्या सुमारे दोनशे व्यक्तींचा अभ्यास करणार आहात. व्यसनाविषयी समाजात ज्या ठरीव गोष्टी सांगितल्या जातात, त्या या व्यक्तींनी स्वतःविषयी कितपत खऱ्या मानल्या आहेत हे तुम्हाला आकड्यांत मांडायचे आहे, आणि त्यासाठी एखादी प्रसिद्ध इंग्रजी मापनी, म्हणजे उत्तरांना गुण देऊन मोजणारी विधानांची यादी, मराठीत आणून वापरली तर चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून वीसहून अधिक वर्षे याच लोकांबरोबर काम केल्यावर माझे उत्तर असे आहे: मापनी जरूर वापरा, पण ती भेटीच्या शेवटी वापरा, आणि माणसाला एखादी कथा ठाऊक असणे, ती पटणे, ती स्वतःला लावून घेणे आणि ती केवळ पाठ असणे, या चार गोष्टी एकाच बेरजेत मिसळू नका.

आधी काय मोजायचे ते ठरवू. व्यसनाविषयी आपल्याकडे एकच कथा नाही, अनेक आहेत, आणि त्या एकमेकींशी भांडतात. सर्वांत मुरलेली कथा पतनाची. हुशार, घरंदाज माणूस, एक दुबळा क्षण, पहिला घोट आणि मग थेट सर्वनाश. गडकऱ्यांच्या सुधाकराने ही कथा मराठी मनावर अशी ठसवली आहे की, ज्याने ते नाटक कधी पाहिले वा वाचले नाही तोही ‘एकच प्याला’ हे शब्द म्हणीसारखे वापरतो. तिच्या शेजारीच संगतीची कथा आहे: मुलगा मुळात चांगला होता, मित्रांनी बिघडवला. ही विशेषतः आयांच्या तोंडी ऐकू येते, आणि तिला आवश्यक असणारा तळीराम प्रत्येक गल्लीत सापडतोच. मग इच्छाशक्तीची कथा येते: ‘मनात आणलं तर एका दिवसात सोडेन.’ गर्दुल्ल्याची कथा गुन्ह्याची आहे, दारुड्याची तेवढी नाही. राज्यात दारू पिण्यासाठी कायद्याने परवाना लागतो याची बहुतेक पिणाऱ्यांना कल्पनाही नसते, उलट १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा पावडर ओढणाऱ्या प्रत्येकाला ऐकून माहीत असतो. याशिवाय आपल्याकडची एक खास सार्वजनिक कथा आहे, तिच्यात शत्रू माणूस नसून बाटली असते. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतील दारूबंदी, चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली आणि २०२१ मध्ये उठलेली बंदी, गावोगावच्या बायकांनी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ असे मतदान करून बंद पाडलेली दुकाने, हे सगळे त्या कथेतून आले आहे. ज्या गावाने बाटली आडवी केली, त्या गावचा पिणारा स्वतःविषयी जे सांगतो ते शहरी पिणाऱ्याच्या सांगण्याहून वेगळे असते. पाश्चात्त्य मापनीत या कथेला जागाच नाही.

तशीच जागा माळेच्या कथेलाही नाही. ‘माळ घातली, तेव्हापासून थेंब नाही’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, ते नोंदवण्यासाठी रकाना नसलेली प्रश्नावली मला महाराष्ट्राबाहेरची वाटते. तुळशीची माळ घालणारा माणूस स्वतःला बरा झालेला रुग्ण मानत नाही आणि सुधारलेला गुन्हेगारही मानत नाही. तो एका नव्या नियमाखाली आलेला असतो, आणि तो नियम त्याच्या बरोबरीने गावही पाळते. त्याला आग्रह करायला कोणी येत नाही. उपचाराच्या भाषेत याला नेमके काय म्हणावे यावर आमच्यात वाद आहेत, पण ते इथे बाजूला ठेवतो.

आजाराची कथा यांच्या मानाने अलीकडची आहे. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सभांतून आधार देण्याच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या चळवळीची सुरुवात १९३५ ची, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मद्यासक्तीला आजार म्हटले ते १९५६ मध्ये, आणि व्यसन हा मेंदूचा आजार आहे ही मांडणी अ‍ॅलन लेश्नर यांच्या १९९७ च्या लेखानंतर जगभर पसरली. मराठीत हे वाक्य रुळण्यात १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांचा वाटा मोठा आहे. आज कोणत्याही केंद्रातला माणूस दोन आठवड्यांत हे वाक्य म्हणू लागतो, आणि तुमच्या अभ्यासाची खरी अडचण तिथेच सुरू होते. तिच्याकडे मी पुढे येतो.

शब्दाविषयीही एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण प्रश्नावलीच्या पहिल्याच ओळीत ती आडवी येते. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजाने टाळायची अठरा व्यसने दिली आहेत, दहा कामातून आणि आठ क्रोधातून उपजणारी. मद्यपान त्यात शिकार, द्यूत आणि दिवसाची झोप यांच्या पंक्तीत बसले आहे. शब्दाचा तो वास अजून गेलेला नाही. ‘व्यसन’ म्हणताच नीतीचा निम्मा निवाडा झालेला असतो, आणि तोच शब्द आपण कौतुकाने ‘वाचनाचं व्यसन’ असाही वापरतो. उलट ‘मादक पदार्थांचे सेवन’ हा शब्दप्रयोग सरकारी फलकावरचा, तो स्वतःविषयी कोणी वापरत नाही. नुसत्या शब्दाने किती फरक पडतो याचा एक चांगला पुरावा केली आणि वेस्टरहॉफ यांच्या २०१० च्या प्रयोगात आहे. मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या पाचशेहून अधिक व्यावसायिकांना त्यांनी एकाच माणसाचे वर्णन दिले. काहींच्या कागदावर त्याला पदार्थाचा गैरवापर करणारा म्हटले होते, काहींच्या कागदावर पदार्थसेवनाचा विकार असलेला. पहिला शब्द वाचलेल्यांनी त्या माणसाला अधिक दोषी धरले आणि त्याला शिक्षेसारखे उपाय सुचवण्याकडे त्यांचा कल अधिक दिसला. प्रशिक्षित लोकांचे हे होते, तर तुमच्या कागदावरच्या ‘व्यसनी व्यक्ती’ या दोन शब्दांनी वॉर्डातल्या माणसाचे उत्तर आधीच वाकलेले असणार. मी छापील प्रश्नात पदार्थाचे नावच घालतो: ‘दारू’, ‘पावडर’, ‘गांजा’, ‘एमडी’. नाते सांगायची वेळ आली की त्या माणसाचा स्वतःचा शब्द उचलतो, मग तो ‘नाद’ असो, ‘सवय’ असो की ‘लफडं’ असो.

आता मापन्यांकडे येऊ. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन यांच्या मांडणीनुसार कलंक, म्हणजे लोकांनी मारलेला हीनपणाचा शिक्का, माणसाच्या आत जाण्याच्या चार पायऱ्या असतात. लोक काय समजतात याची जाणीव ही पहिली, ते आपल्यालाही पटणे ही दुसरी, ते स्वतःला लावून घेणे ही तिसरी, आणि त्यामुळे स्वतःची किंमत कमी वाटू लागणे ही चौथी. जर्मनीत शोमेरुस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मद्यासक्तीसाठी याच पायऱ्यांची मापनी केली. सोळा रूढ समजुती चारही पायऱ्यांवर विचारायच्या, म्हणजे एकूण ६४ विधाने. तुमच्या कामाला रचना म्हणून मला हीच सर्वांत जवळची वाटते, कारण ‘ठाऊक आहे’ आणि ‘मी तसाच आहे’ यांत ती गल्लत होऊ देत नाही. २००३ ची रिट्शर आणि सहकाऱ्यांची २९ विधानांची मापनी मानसिक आजारासाठी केलेली आहे. तिच्यात तुटलेपण, रूढ समजुतींना मान्यता, भेदभावाचा अनुभव, लोकांपासून दूर राहणे आणि कलंकाला प्रतिकार असे पाच भाग आहेत. शेवटचा भाग मूळ अभ्यासातही इतरांपेक्षा सैल होता, तेव्हा तुमच्याकडे त्याची विश्वसनीयता घसरली तर सगळा दोष अनुवादाला देऊ नका. लुओमा आणि सहकाऱ्यांची २०१३ ची ४० विधानांची मापनी खास पदार्थसेवनासाठी आहे, आणि कलंकाच्या भीतीने माणूस काय काय टाळतो हेही ती विचारते.

या सगळ्या मापन्या कलंक मोजतात, आणि कलंक हा रूढ कथेचा एकच भाग आहे. ‘हा माझा जन्माचा आजार आहे, एक घोट गेला की मी संपलो’ असे ज्याला मनापासून वाटते, त्याचा कलंकाचा गुण कमी येईल. पण कथा त्याने तितकीच खोलवर घेतलेली आहे, फक्त ती दुसरी आहे. २०१३ मध्ये क्वाले आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मानसिक विकारांना जैविक कारणे दिली की दोष देणे कमी होते, पण बरे होण्याविषयीची निराशा वाढते, असे दिसले. ही निराशा वस्तुस्थितीला धरून असतेच असे नाही. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. तिथे हेरॉइनच्या पूर्ण आहारी गेलेल्यांपैकी मायदेशी परतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात पुन्हा तसे झालेले जेमतेम ५ टक्के निघाले. म्हणून कलंकाबरोबर कार्यकारणाच्या समजुतीही विचारायला हव्यात. शेलर यांची १९९५ ची १८ विधानांची मापनी आजार की स्वतःची निवड, एवढाच अक्ष मोजते. मला त्याहून उपयोगी पडली ती ब्रिकमन आणि सहकाऱ्यांची १९८२ ची चौकट, कारण तिला दोनच प्रश्न पुरतात: हे कोणामुळे झाले, आणि आता यातून बाहेर पडणे कोणाच्या हातात आहे? दोन्हींचे उत्तर ‘माझ्या’ असेल तर ती नीतीची कथा. दोन्हींचे ‘माझ्या नाही’ असेल तर दवाखान्याची. पहिल्याचे ‘माझ्यामुळे’ आणि दुसऱ्याचे ‘माझ्या हातात नाही’ असेल तर ती शरणागतीची कथा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची बारा पायऱ्यांची सभा आणि काही अंशी माळ, दोन्ही इथे येतात. उरलेली चौथी, ‘झालं ते माझ्यामुळे नाही, पण निस्तरायचं मलाच आहे’, ही आपल्याकडे मी फार कमी ऐकली आहे. ऐकली ती बहुधा बायकांकडून.

अनुवादाच्या बाबतीत मी स्वतः तोंडघशी पडलेलो आहे, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी एक मापनी मराठीत आणली, दुसऱ्याकडून ती परत इंग्रजीत करून घेतली, दोन्ही इंग्रजी पाठ जुळले आणि मी खूश झालो. उलट अनुवादाने फक्त शब्द जुळतात. त्यातले एक विधान होते, ‘दारूमुळे मला स्वतःची लाज वाटते.’ चाळिशीतल्या एका ट्रकचालकाने ताबडतोब सर्वांत वरच्या रकान्यावर बोट ठेवले. मी सहज विचारले, ‘इतकी वाटते?’ तो म्हणाला, ‘वाटते ना सर. वाटायलाच पाहिजे. ज्याला लाज नाही त्याची दारू कशी सुटणार?’ मापनीच्या हिशेबात तो सर्वाधिक कलंकित माणूस होता. त्याच्या हिशेबात लाज ही त्याच्याकडे उरलेली एकमेव जमेची बाजू होती. मराठीत ‘निर्लज्ज’ ही शिवी आहे आणि ‘लाज बाळगणे’ हा गुण आहे. इंग्रजी विधानातली लाज फक्त दुखवणारी असते. तेव्हापासून मी ते विधान दोन करून विचारतो: ‘मी केलेल्या काही गोष्टींची मला लाज वाटते’ आणि ‘मी तोंड दाखवायच्या लायकीचा राहिलो नाही’. आत रुतलेली कथा पकडते ते दुसरे.

त्याच माणसाला ‘लोक मला टाळतात’ हे विधान वाचून दाखवल्यावर तो हसला. ‘टाळतात कुठे? संध्याकाळ झाली की फोनावर फोन.’ मूळ मापनीत ‘लोक’ म्हणजे समाज. त्याच्या मराठीत ‘लोक’ म्हणजे अड्ड्यावरचे चौघे. विधानात ‘नातेवाईक’, ‘सासरची माणसं’, ‘कामावरचा मुकादम’ असे नेमके कोणीतरी आणावे लागते. नकारार्थी विधानांचेही तेच. ‘मी इतरांपेक्षा कमी नाही असे मला वाटत नाही’ अशा वाक्याला होकार म्हणजे काय, हे तुमच्या मार्गदर्शकांनाही क्षणभर थांबून ठरवावे लागेल.

उत्तराच्या श्रेणीविषयी. ‘पूर्णतः असहमत’ हे शब्द आपल्याकडे परीक्षेच्या कागदाबाहेर कोणी उच्चारत नाही. ‘अजिबात पटत नाही, फारसं पटत नाही, थोडं पटतं, अगदी पटतं’ हे चालते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एका उत्साही सहकाऱ्याने चित्रांची पट्टी केली होती: पाव, अर्धा, पाऊण आणि काठोकाठ भरलेला असे चार पेले! व्यसनमुक्तीच्या वॉर्डात ती पट्टी फिरली, आणि त्या दिवशी कोणत्याही विधानावर गंभीर उत्तर मिळाले नाही. पुढे आम्ही भाकरी काढली: चतकोर, अर्धी, पाऊण, आख्खी. ती कोणालाही समजावून सांगावी लागली नाही.

आता मला जे मुख्य सांगायचे आहे त्याकडे येतो. कथा किती मुरली आहे हे विधानाला दिलेल्या होकारापेक्षा माणूस स्वतःची हकीकत सांगताना कोणते क्रियापद वापरतो यातून अधिक दिसते, आणि मराठी व्याकरण इथे आपल्या फार उपयोगी पडते. ‘मला दारू लागली’ यात दारू कर्ता आहे आणि माणूस ती ज्याला लागली तो, जशी ठेच लागते. ‘मी प्यायला लागलो’ यात माणूस कर्ता आहे. ‘त्यांनी मला दारू लावली’ यात तिसराच. शेवटाचेही तसेच: ‘दारू सुटली’, ‘दारू सोडली’, ‘बायकोनं सोडवली’. सुरुवात, घसरण, तळ आणि थांबणे या चार वळणांवर कर्ता कोण आहे एवढेच नोंदवले, तरी अर्ध्या तासाच्या हकिकतीतून पतनाची, संगतीची, आजाराची की इच्छाशक्तीची कथा तो मनोमन सांगत आहे, हे बऱ्यापैकी उमगते. सुरुवात ‘लावली’ने, मधला भाग ‘लागली’ने आणि शेवट ‘सोडणारच आता’ने करणारा माणूस नेहमी भेटतो, तो प्रत्येक वळणावर वेगळी कथा उचलत असतो.

यात एक सापळा आहे. ‘सुटणे’, ‘लागणे’ ही मराठीची रोजची वळणे आहेत, त्यांत दर वेळी मनाचा ठाव शोधला तर आपलीच फसगत होते. ‘नोकरी सुटली, गाव सुटलं, शाळा सुटली’ असे सगळेच ज्याला सुटते, त्याची दारूही सुटणारच. म्हणून प्रत्येकाकडून दारूशी संबंध नसलेली एक हकीकत आधी सांगून घ्यावी. शहरात कसे आलात, लग्न कसे जमले, पहिली नोकरी कशी मिळाली, काहीही. तिथल्या क्रियापदांशी तुलना करूनच दारूच्या हकिकतीचा अर्थ लावावा. ज्याने नोकरी ‘धरली’, घर ‘बांधलं’, भांडण ‘मिटवलं’, आणि फक्त दारू ‘लागली’, त्याच्या त्या एका ‘लागली’ला वजन आहे. नोंदी दोघांनी एकमेकांना न दाखवता कराव्यात आणि दोघांचे जुळणे कोहेनच्या कप्पाने, म्हणजे योगायोग वगळून दोघांचे किती जुळते ते सांगणाऱ्या आकड्याने, तपासावे. पहिल्या खेपेस ते जुळणार नाही. ‘दारूच्या आहारी गेलो’ यात कर्ता कोण, यावर आमच्याकडे दोन दुपारी वाद चालला होता. शेवटी तो स्वतंत्र गट केला.

हकिकतीचा रोख मोजण्याला आधारही आहे. डनलॉप आणि ट्रेसी यांनी २०१३ मध्ये नुकतीच दारू सोडलेल्या लोकांकडून त्यांच्या शेवटच्या पिण्याची हकीकत सांगून घेतली. त्या प्रसंगातून आपल्यात काही चांगला बदल झाला असे सांगणाऱ्यांचा पुढच्या काही महिन्यांत न पिता राहण्याचा संभव अधिक दिसला. मराठीत हा प्रश्न विचारताना ‘शेवटचं पिणं’ म्हणू नका, लोक अस्वस्थ होतात. ते अपशकुनासारखे वाटते, शिवाय ते शेवटचे होते याची त्यांना खात्री नसते. ‘इथे येण्याआधी ज्या दिवशी प्यालात, तो दिवस सकाळपासून सांगा’ असे म्हटले की माणूस सांगू लागतो. सकाळपासून म्हटल्यामुळे मुलाची फी, पगाराचा दिवस, मेव्हण्याचा फोन हे सगळे येते, आणि कारण म्हणून तो काय पुढे करतो ते न विचारता कळते.

आता ती राहिलेली अडचण. केंद्रात विसाव्या दिवशी भरून घेतलेली प्रश्नावली केंद्राने काय शिकवले ते मोजते. रोजच्या गटचर्चेत, प्रार्थनेत, फळ्यावर ‘व्यसन हा आजार आहे’ हे वाक्य असते; माणूस ते मनापासून म्हणतो आणि त्यात खोटेपणा काही नसतो. पण पाठ असणे आणि मुरणे यांत अंतर आहे. ते ओळखायला मी दुसऱ्याच माणसाविषयी विचारतो. ‘तुमच्या आळीतला एक जण इथून बरा होऊन गेला, सहा महिने काही घेतलं नाही. त्याला तुमच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसवाल?’ आत्ताच आजाराविषयी दहा मिनिटे बोललेला माणूस इथे थांबतो. ‘गल्ल्यावर नाही. माल उचलायला ठेवीन.’ बोगार्डस यांनी १९२५ मध्ये सामाजिक अंतर मोजायला सुरुवात केली त्याच जातीचा हा प्रश्न आहे, फक्त गल्ला आपला आहे. त्यापुढचा प्रश्न, ‘आणि तुम्हाला कोणी बसवावं असं वाटतं का?’, लगेच विचारू नका. मध्ये दुसरे काही बोलून घ्या, नाहीतर पहिल्या उत्तराशी जुळवून घेतलेले उत्तर मिळते.

ऐकणारा कोण आहे यावरही कथा बदलते. बायको शेजारी बसली असेल तर आजाराची, आई आली असेल तर संगतीची, आणि रात्री वॉर्डात एकट्या नर्सला सांगताना ‘मी नालायकच’. यातली कोणती खरी, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. पण जिच्यातून त्याला काहीच मिळवायचे नसते ती अधिक आत गेलेली, असे मी धरून चालतो. म्हणून प्रश्नावली केंद्राच्या समुपदेशकाने भरून घेऊ नये. त्याच्या शेऱ्यावर घरी सोडणे अवलंबून असते, हे प्रत्येक रुग्णाला माहीत असते. तुम्ही बाहेरच्या आहात, याचा इथे फायदाच होतो. नातेवाइकांना नम्रपणे पण ठामपणे बाहेर बसवा. फी ते भरतात म्हणून उत्तरे ऐकण्याचा हक्क त्यांना मिळत नाही.

वेळेचेही पाहा. दारू तोडल्यानंतरचे पहिले काही दिवस थरथर, झोपमोड, कधी भ्रम यांत जातात. त्या आठवड्यात भरलेला कागद फेकून द्यावा लागतो. पहिली भेट पहिला आठवडा उलटल्यावर, दुसरी घरी जाण्याआधी, तिसरी घरी गेल्यावर तीन महिन्यांनी ठेवा. तिसऱ्या भेटीला बरेच जण गळतील, आणि पुन्हा पिऊ लागलेले अधिक गळतील, हे गृहीत धरून सुरुवातीची संख्या ठरवा.

नमुन्याविषयी मात्र मला स्पष्ट बोलले पाहिजे. केंद्रात आलेला माणूस हा पिणाऱ्यांचा प्रतिनिधी नाही. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक दारू पितात असे आढळले, पुरुषांत २७.३ टक्के आणि स्त्रियांत १.६ टक्के, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसला तरी उपचार मिळाल्याचे दिसले. म्हणजे तुमचे दोनशे लोक हे त्या ३८ मधले एक आहेत. त्यांनी, किंवा त्यांना गाडीत घालून आणणाऱ्यांनी, एक कथा आधीच स्वीकारलेली आहे. शक्य असेल तर पन्नासेक लोक केंद्राबाहेरचे घ्या: सभांना जाणारे, माळकरी, आणि ज्यांनी कोणाचीच मदत घेतली नाही असे. आणि स्त्रिया घ्या, निदान तंबाखूच्या निमित्ताने. रोज तीनदा मिश्री लावणाऱ्या आजींना ‘तुम्हाला कसलं व्यसन आहे का?’ विचारले तर त्या दुखावतात. मिश्री हे दात घासणे असते. त्यांच्याकडे सवय आहे, कथा नाही. तेवढ्यासाठी तरी त्या तुलनेला हव्यात.

कायद्याच्या बाजूने दोन गोष्टी सांभाळा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थिती मानसिक आजाराच्या व्याख्येत येतात, आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे, आणि कलम ६४ अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्याला संरक्षण देते, पण त्याला अटी आहेत. म्हणून पावडर किंवा एमडी घेणाऱ्याच्या कागदावर नाव, गाव, पुरवणाऱ्याविषयी काहीही लिहू नका. माणूस बोलण्याच्या भरात सांगून जातो. लिहायचे की नाही हे तुमच्या हातात असते.

आकडेमोडीविषयी थोडक्यात. सगळ्या विधानांची एकच बेरीज करू नका. क्रॉनबाखचा अल्फा, म्हणजे विधाने एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा, प्रत्येक कथेसाठी स्वतंत्र काढा. वेगवेगळ्या कथांची विधाने एकत्र टाकल्यावर तो घसरला तर तो मापनीचा दोष नाही, कारण एकच माणूस सकाळी आजार आणि संध्याकाळी इच्छाशक्ती मानतो. प्रत्येक कथेची चार-पाच विधाने ठेवून कोणत्या कथा कोणात एकत्र येतात याचे गट पाडलेत, तर दोनशेच्या नमुन्यातूनही सांगण्यासारखे काही हाती येईल. ६४ विधानांचे घटक विश्लेषण, म्हणजे कोणती विधाने एकत्र हलतात ते शोधण्याची आकडेमोड, दोनशेवर करू नका, ते डळमळीत होते. आणि गट पाडल्यावर ते हकिकतीतल्या क्रियापदांशी ताडून पाहा. जिथे विधाने आजार म्हणतात आणि क्रियापदे पतन म्हणतात, ते कागद वेगळे काढा. तुमच्या प्रबंधातले सर्वांत वाचनीय प्रकरण त्यांतून निघेल असा माझा अंदाज आहे.

मूळ मापनीकर्त्यांची परवानगी ईमेलने मागा. सहसा मिळते, पण उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून आजच लिहा. विधाने पक्की करण्याआधी दहा जणांसमोर एकेक विधान वाचून ‘यातून तुम्हाला काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढेच विचारा आणि उत्तर जसेच्या तसे लिहून घ्या. दहांपैकी निदान दोघे विदर्भातले आणि दोघे कोकणातले असू द्या. तोवर दोनशे प्रती छापून ठेवू नका; मी एकदा ठेवल्या होत्या, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर आमच्या वॉर्डाची औषधांची यादी दोन वर्षे लिहिली गेली.